सवडीच्या रकान्यातली नोंद

फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात लाडवांसाठी शेंगदाणे भाजत होते. बुधवार होता, बारा वाजायला आले होते. पलीकडे पलूसच्या विमान कारखान्यातला फोरमन सदाशिव. एरवी घसा खरवडून बोलणारा हा माणूस नुसतं "बाई... बाई..." करत राहिला. मी त्याला रागावले. अरे, काय ते नीट सांग. मग तो म्हणाला, "वैनी गेल्या, बाई. मिरजंच्या दवाखान्यात पोचायच्या आदीच गेल्या." मला पहिल्यांदा सुचलं ते हेच, की तिचे यजमान कुठं आहेत. "हायत की हितंच शेजारी," सदाशिव म्हणाला, "पर बोलंनात." शेंगदाणे करपून गेले. तो वास दोन दिवस घरातून गेला नाही.

शालनला जाऊन आता दोन महिने होत आले. पेपरच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असं सांगणं आलं, मी हो म्हटलं, आणि मग तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही. शब्द कमी पडावेत अशी मी बाई नाही. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पोरं माझ्या बडबडीला कंटाळायची. पण शालनबद्दल एक गोष्ट मला ठाऊक होती आणि तिच्या नवऱ्याला, हणमंतरावांना, ठाऊक नव्हती. ती त्यांच्या कानावर घातल्याशिवाय मी इथं तिच्याबद्दल गोड गोड लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी झाली असती. सांगायला म्हणून दोनदा गेले आणि दोनदा तोंड मिटून परत आले. त्याचं पुढं काय झालं ते ओघानं येईलच. आधी ती कोण होती ते सांगते, कारण पेपरातल्या बातमीत 'विमाननिर्मिती करणाऱ्या दांपत्यापैकी' एवढंच छापलं होतं, आणि शेजारचा फोटो इतका काळपट की मलाही ती ओळखू आली नाही.

शालन आणि मी विट्याच्या शाळेत एका बाकावर. तिच्या वडिलांचं लांब दक्षिणेत गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्याकडच्या निम्म्या घरांतले पुरुष असे कुठल्या कुठल्या शहरांत सोनं आटवत बसलेले असत. मे महिन्यात शालन वडिलांकडं जायची आणि तराजूपाशी बसायची. त्यांच्या दुकानात एक शिस्त होती. ज्यानं तोललं त्यानं 'बरोबर आहे' म्हणायचं नाही, ते दुसऱ्यानं म्हणायचं. ही शिस्त ती जून महिन्यात दप्तरात घालून परत आणायची. माझं गणित सुटलं की न विचारता माझी वही ओढून तपासायची आणि चूक सापडली की बोट ठेवून नुसती बघत राहायची. बोलायची नाही. या एका गोष्टीवरून आम्ही सातवीत सबंध दिवाळी एकमेकींशी अबोला धरला होता.

तिचं लग्न झालं ते उंब्रजजवळच्या गावातल्या हणमंतरावांशी. मी त्यांना दाजी म्हणते. त्या गावात घरटी एक माणूस सैन्यात. दाजी तेवढे हवाईदलात. विमानाचा सांगाडा, पंख, शेपूट यांची दुरुस्ती हे त्यांचं काम. त्यांच्या बरोबरीचे लोक पेन्शनीत आले की ट्रॅक्टर घेत, नाहीतर बँकेच्या दारात बंदूक धरून उभे राहत. दाजी घरी आले आणि म्हणाले, आपण विमान बांधायचं. दोन माणसांचं, हलकं, उडायला शिकणाऱ्यांसाठी. गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. "काय रं हणमंता, नाव दिलंय म्हणून खरंच उडतूस व्हय?" असं पारावरचे म्हातारे विचारत. शालन मात्र हसली नाही. तिनं एवढंच विचारलं म्हणे, "आवं, पर तपासणार कोन?" आणि दाजी म्हणाले, "तू." त्यांच्या कंपनीची स्थापना झाली ती इथं, बाकीचे कागद नंतर झाले.

पहिला पंख बांधला तो शालनच्या दिरांच्या गुऱ्हाळात. हंगाम संपला की कढई बाजूला सारायची आणि तिथं पंखाचा सांगाडा मांडायचा. त्यावर कापड ताणून शिवायचं काम शालनचं. मी एकदा गेले तर ही बाई गुऱ्हाळाची जमीन कढत पाण्यानं धूत होती. मी म्हटलं, लग्न आहे का कुणाचं? तर म्हणाली, "मुंगळं, विमे. गुळाच्या वासानं येत्यात आन् पंखात शिरत्यात." मग मीही पदर खोचला. आम्ही दोघींनी त्या दिवशी विमानाच्या पंखातून मुंगळे वेचले. जगातल्या आणखी कुठल्या विमान कारखान्यात हे काम निघत असेल असं मला वाटत नाही.

त्यांची कामाची पद्धत तेव्हापासूनची. दाजी नट आवळायचे आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. मग शालन हातात बॅटरी आणि पाना घेऊन तोच नट तपासायची आणि शेजारी पिवळा ठिपका द्यायची. दोन ठिपके पडल्याशिवाय तो नट घट्ट आहे असं कुणी म्हणायचं नाही. पुढं पलूसला शेड झाली, शेजारीच घर झालं, हाताखाली माणसं आली, तरी पिवळा ठिपका दुसऱ्या कुणी दिला नाही. आणि हे कारखान्यापुरतं राहिलं असतं तर ठीक! तिनं गॅस बंद केला की दाजी आत जाऊन बटण चाचपून यायचे. त्यांनी दाराला कुलूप घातलं की ती ओढून बघायची. मी म्हणायचे, तुम्ही दोघं एकमेकांच्या भाकरीलासुद्धा ठिपके द्याल. त्यावर दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले होते, "भाकरीला नको बाई, भाकरीवर आमचा इश्वास हाय."

परवान्याला किती वर्षं लागली ते मी सांगत बसत नाही. दिल्लीला कागद जायचा, तिकडून प्रश्न यायचा, उत्तर जायचं, नवा प्रश्न यायचा. शेवटी एकदा पहिलं विमान उडवून बघायची परवानगी मिळाली आणि ते कराडच्या धावपट्टीवर न्यायचं ठरलं. उसाच्या ट्रॉलीत गाद्या घालून त्यावर पंख ठेवले आणि ते वाऱ्यानं हलू नयेत म्हणून शालन त्यांच्यावर हात पसरून बसली. वाटेत एका बाईनं विचारलं, "कुटल्या देवाची पालकी म्हनायची ही?" कराडला पोचल्यावर दाजींनी नियम सांगितला. ज्याची शेवटची सही, तो पहिल्या उड्डाणात वैमानिकाशेजारी बसणार. शेवटची सही शालनची होती. हा नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि आता स्वतःच पांढरेफटक पडले होते. शालन नऊवारीतून सहावारीत आली तीच मुळी लग्नानंतर. त्या दिवशी ती माझा पंजाबी ड्रेस घालून विमानात चढली. विमान उडालं तेव्हा दाजी त्याच्याकडं पाठ करून उभे होते. मीच त्यांना सांगत होते, वर गेलं, वळलं, नदीवर आहे, आलं, आलं... उतरल्यावर ती मला म्हणाली, "लय मज्जा आली गं. वरनं ऊस गोधडीवानी दिसतू."  दाजी वाकून चाकांचे नट बघत राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते.

आता त्या वहीबद्दल. सगळं त्या वहीशी येऊन थांबतं.

विमानाची दुरुस्ती करणाऱ्यांत बिघाड तोंडी सांगत नाहीत, लिहितात. तोंडी सांगितलेलं हवेत जातं असं दाजी म्हणत. पण घरी ते स्वतः पक्के बहिरे. नळ गळतोय असं शालननं दहादा सांगितलं तरी यांचं डोकं पंखात. उलट तिची एक शिवण वाकडी गेली तर यांनी चार माणसांत ओरडून सांगितलं, आणि तिनं कात्री फेकली. कात्री कुणाला लागली नाही, पण त्या दिवसापासून घरात वही आली. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला दोरीनं टांगलेली, तिलाच पेन बांधलेलं. चार रकाने. पहिल्यात बिघाड. दुसऱ्यात 'आधी' किंवा 'सवडीनं' यांतला एकच शब्द. म्हणजे तातडीचं काम की वेळ मिळेल तेव्हाचं. तिसऱ्यात समोरच्यानं वाचलं की 'पाहिलं' लिहून तारीख घालायची, चौथ्यात काम झालं की 'झालं'. जे वहीत लिहिलं ते तोंडानं बोलायचं नाही. टोचून बोलणं बंद, आठवण करणं बंद. मूलबाळ झालं नाही त्यांना, आणि त्यावरून बोलणारे पुष्कळ होते, पण त्या घरात मी चढा आवाज ऐकला नाही तो या वहीमुळं.

मला ती वही वाचायचं व्यसन होतं. गेले की चहाच्या आधी वही. 'ह्यांचं घोरणं. सवडीनं.' त्यापुढं दाजींच्या ठसठशीत अक्षरात, 'पाहिलं. सुटा भाग बाजारात मिळत नाही.' 'शालन माझ्या ताटातलं लोणचं उचलते. आधी.' त्यापुढं तिचं, 'पाहिलं,' आणि 'झालं'चा रकाना वर्षानुवर्षं कोरा. मी मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही तिघं हसायचो. एकदा दाजी म्हणाले होते, "बाई, तुमी तपासनीस. तुमच्यापास्नं कायबी लपत न्हाई."

या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले. कारखान्यात चार माणसांचं नवं विमान तयार होत होतं, दिल्लीची तपासणी महिन्यावर आली होती, आणि दाजी महिनाभर शेडमध्येच जेवत होते. घरी येत ते आंघोळीपुरते. मी सवयीनं वही काढली. शेवटची नोंद शालनच्या बारीक अक्षरात होती. 'शालन. माडीवर जाताना छातीत डावीकडं दडपतं. धाप लागते.' पुढच्या रकान्यात, 'सवडीनं'. तारीख आठ दिवसांपूर्वीची. त्यापुढं काही नाही.

"शाले, हे काय गं?"

तिळगुळाचं ताट भरता भरता तिनं मागं वळून पाहिलं. "काय न्हाई गं. वय झालं की आता आपलं."

"वय झालं म्हणून छातीत दडपतं? आणि सवडीनं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? चल, आत्ता मिरजेला जाऊ."

"तपासणी पार पडू दे, मग जाऊया की. ह्यांच्या डोक्याला आत्ता ताप नगं."

"मग मी सांगते दाजींना."

तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं आणि माझा हात धरला. "न्हाई हां, विमे. आमचं ठरलंय, तोंडानं सांगायचं न्हाई. वहीत हाय न्हवं? वाचतील तवा वाचतील. आमचा नेम तू नगं मोडूस."

मी गप्प बसले. का बसले, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते आहे. उलटसुलट उत्तरं देते आणि एकही पटत नाही. त्यांच्या संसाराचा तो नेम मला इतकी वर्षं गमतीचा वाटला होता आणि गमतीतच मी त्याला मानही देत आले होते. मला वाटलं, आज नाही तर उद्या वाचतीलच. निघताना मी शेडमध्ये दाजींना भेटायला गेले. ते नव्या विमानाच्या शेपटीखाली उताणे झोपले होते. मला बघून सरकत बाहेर आले, हात पुसले आणि हसून म्हणाले, "काय बाई, वही वाचली का? काय नवीन?"

त्यांनी मला विचारलं होतं. सरळ, तोंडानं विचारलं होतं. आणि मी म्हणाले, "तुम्हीच बघा की जरा."

"बघतू, बघतू. येवढी शेपटी झाली की बघतू." आणि ते परत आत सरकले.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी तो फोन आला. त्या सकाळी शालन त्याच शेपटीचे नट तपासत होती. लाल ठिपके झालेले होते, ती पिवळे देत चालली होती. तीन नट राहिले असताना ती स्टुलावर बसली, ब्रश सदाशिवच्या हातात दिला आणि म्हणाली, "जरा धर." पुढं काही बोलली नाही.

तेराव्याला मी ठरवूनच गेले होते. पण दाजी मला शेडमध्ये घेऊन गेले आणि बॅटरी मारून ते तीन नट दाखवले. लाल ठिपका आहे, शेजारी जागा मोकळी. तपासणीवाले पुढच्या तारखेसाठी सारखे विचारत होते, सदाशिव म्हणत होता की मी देतो ठिपका, तुम्ही फक्त हो म्हणा. दाजी हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. नुसते बॅटरी धरून उभे होते. घरी आलो तर चहा कारखान्याच्या कँटीनमधून किटलीतून आला. मी म्हटलं, दाजी, घरात दूध आहे, मी ठेवते की चहा. ते म्हणाले, "गॅस पेटवलाच न्हाई तवापास्नं. पेटवला तर बंद कराय लागंल. आन् केला का न्हाई ते बघणार कोन?" मी किटलीतला गार चहा प्यायले आणि परत आले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी वाक्य पाठ करून गेले होते. एसटीत बसून शाळेतल्या पोरासारखं घोकलं होतं. तोंड उघडलं, तोच दाजी म्हणाले, "बाई, येक इचारू? तुमची मैत्रीण हुती म्हणून इचारतू. तिनं मला येकदा तरी म्हणायचं हुतं हो, दुखतंय म्हणून. येवढी कसली परकी झाली मला?" त्यांनी वही उघडलेलीच नव्हती. ती समोरच खिळ्याला होती आणि त्याच खिळ्यावर त्यांची टोपी अडकवलेली होती. मी टोपीकडं बघत राहिले. माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. माझ्याकडून त्यांना फक्त एवढं समजणार होतं की ती परकी झाली नव्हती, तिनं सांगितलं होतं, आणि ते रोज त्या सांगण्यावर टोपी अडकवत होते. हे कुठल्या तोंडानं बोलायचं?  थोड्या वेळानं त्यांना शेडमधून बोलावणं आलं आणि ते बोडक्यानंच उठून गेले.

मी घरात एकटी होते. उठले, टोपी बाजूला ठेवली, वही काढली. शालनच्या नोंदीखाली एक ओळ सोडून लिहिलं. 'विमल. वरची नोंद मी संक्रांतीला वाचली होती. दाजींनी मला विचारलं, तेव्हा सांगितली नाही.' दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'आधी'. वही परत टांगली, पण टोपी तिच्यावर अडकवली नाही, टेबलावर ठेवली. आणि दाजी यायच्या आत एसटी स्टँड गाठला. हे काही धीटपणाचं काम नव्हतं, मला कळतं. पण त्या घरातला नेम तोच होता, तोंडानं सांगायचं नाही, लिहायचं. मी एकदा त्या नेमाच्या आडून चूक केली होती. दुसऱ्यांदा त्याच्याच आडोशाला गेले.

मग फोनची वाट बघितली. एक आठवडा, दोन आठवडे... मी फोन केला नाही, त्यांचाही आला नाही. भाजी निवडताना, देवाला फूल वाहताना मनात एकच, वाचलं असेल का, आणि वाचलं असेल तर हा माणूस त्या घरात एकटा बसून काय करत असेल? माझ्या मुलानं विचारलं, आई, तुला बरं नाही का? मला बरंच होतं. बरं नसणारी निघून गेली होती.

गेल्या रविवारी राहवलं नाही. गेले. दार उघडंच होतं. दाजी टेबलाशी काही न करता बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "बसा. च्या ठेवतू." मी बसले. आतून लायटरचा आवाज आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गॅस पेटला. खिळ्याला वही होती, टोपी नव्हती. मी वही काढली.  शालनच्या नोंदीपुढं त्यांच्या ठसठशीत अक्षरात 'पाहिलं' लिहिलं होतं आणि तारीख घातली होती. खरी तारीख, ती गेल्यानंतरची. त्या माणसानं आयुष्यात कधी मागची तारीख घातली नाही, इथंही घातली नाही. माझ्या नोंदीपुढंही 'पाहिलं', तीच तारीख. दोन्हीकडं शेवटचा रकाना कोरा. तिथं काय लिहिणार कुणी?

चहात साखर जास्त पडली होती. आम्ही तो पूर्ण प्यायलो. वहीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "त्याच खिळ्याला टोपी अडकवत हुतो बाई मी. सकाळ-संध्याकाळ." माझ्याकडं बघून नाही, बाहेर शेडच्या दिशेनं बघून.  ते विमान अजून तसंच उभं आहे, तीन नटांपाशी येऊन थांबलेलं. पुढं काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नाही. 

एसटीची वेळ झाली म्हणून उठले. पिशवी उचलली, चपला घातल्या. दाजी दारात उभे होते. म्हणाले, "बाई, जायच्या आदी जरा आत जाता का? गॅस बंद केलाय मी. झालाय का बघा."

मी चपला काढल्या. आत गेले, बटण बोटांनी चाचपलं, नीट शेवटपर्यंत फिरवून बघितलं, आणि बाहेर येऊन सांगितलं, "बंद आहे, दाजी."